मास्तरांची सुटका

२ सप्टेंबर, सोमवार

आज मनोरुग्णालयात रुजू झाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं नाही. नातेवाईक की पेशंट, एवढंच विचारलं. वकील म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, म्हणजे दोन्हीकडच्या. मला ते आवडलं. इथे करमेल असं वाटतं.

मला दिलेली खोली पूर्वी इस्त्रीची होती. भिंतीवर प्लगांची रांग अजून आहे, आणि टेबलावर इस्त्रीच्या बुडाच्या आकाराचा एक तपकिरी डाग. त्यावर फाइल ठेवली की दिसत नाही. खिडकीबाहेर चादरी वाळत असतात. वारा आला की खोलीत साबणाचा वास येतो.

काम समजावून सांगायला कोणी नव्हतं, कारण ही जागा आजवर भरलेलीच नव्हती. कायद्यात आहे म्हणून शेवटी भरली. ज्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध इथे आणून ठेवतात, त्यांना मी त्यांचे हक्क वाचून दाखवायचे. आपल्याला का ठेवलं आहे, हे कळण्याचा हक्क. औषधाला नाही म्हणण्याचा, आणि तरीही दिलं तर कारण लेखी मागण्याचा. आपलं पत्र कोणी न उघडण्याचा. आणि सगळ्यात मोठा, सुटकेसाठी मंडळापुढे सुनावणी मागण्याचा. सुनावणीत त्यांच्या बाजूने उभं राहायचं ते मीच.

घर चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली कधीचा बंद पडलेला छापखाना. ताईला फोन केला. ती म्हणाली, वेड्यांची वकिली करायला शिकवलं होय तुला एवढं. मग स्वतःच हसली आणि विचारलं, ऊन येतं का गं घरात. भरपूर येतं, म्हटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

वॉर्डच्या मुख्य नर्सना सगळे माई म्हणतात. उंच बाई, आवाज त्याहून उंच. मी एका म्हाताऱ्यांना हक्क वाचून दाखवत होते आणि ते पेंगत होते. माई मागून म्हणाल्या, वाचा वाचा वकीलबाई, आमच्याकडे अंगाईचीच काय ती कमी होती. म्हातारेसुद्धा हसले. मी पण हसले. पण पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एक बसचालक आहेत. बायकोने घाबरून सही केली, आता रोज येऊन रडते आणि घेऊन जाते म्हणते. तसं नेता येत नाही. एकदा मंडळाच्या कागदावर चढलं की मंडळानेच उतरवायचं. त्यांचा अर्ज लिहिला. लिहिताना ते सारखे विचारत होते की सुनावणीत दाढी केलेली चालते का. चालते, म्हटलं. शोभून दिसेल.

१० सप्टेंबर, मंगळवार

पहिली सुनावणी. जेवणघरात होते. टेबलं भिंतीला लावतात, एकावर हिरवं कापड टाकतात आणि पलीकडे तिघं बसतात. मधले निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे साहेब म्हणतात. एक बाहेरचे डॉक्टर, एक शिक्षिका.

शिपायाने दारात जाऊन पहिला पुकारा केला, मास्तर. कोणी आलं नाही. तरी त्याने दार धरून ठेवलं, हळू चालणाऱ्या माणसासाठी धरावं तसं. मग टेबलासमोरची खुर्ची मागे ओढून दिली. साहेबांनी त्या खुर्चीकडे पाहून मान लववली. जरा वाट पाहिली. मग म्हणाले, अर्जदार काही बोलत नाहीत, पुढच्या मंगळवारी.

नव्या माणसाची गंमत करतायत असं वाटलं मला. पण कोणी हसलं नाही. शिक्षिका चष्मा पुसत होत्या.

त्यानंतर बसचालकांचा पुकारा झाला. दाढी गुळगुळीत केली होती, हनुवटीला कापलं होतं. साहेबांनी बायकोला आणि त्यांना वेगवेगळं विचारलं आणि सुटका दिली. फाटकातून जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, कधी बसमध्ये चढलात तर तिकीट काढायचं नाही हं. पहिला अर्ज, पहिली सुटका. आज पाय जमिनीवर नाहीत.

११ सप्टेंबर, बुधवार

माईंना विचारलं. त्यांनी इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला आणि बसून सांगितलं, म्हणजे गोष्ट लहान नव्हती.

मास्तर शिंपी होते. भावाने सही करून आणलं. अंगावर धावून येतात, असं लिहून दिलं. माई म्हणाल्या, ते कुणाच्या अंगावर धावून जाणार, माप घ्यायलासुद्धा विचारून हात लावायचे. इथे त्यांना शिवणखोलीत बसवलं. अभ्रे, पडदे, आणि माणसाला पलंगाला बांधायचे पट्टे. पट्ट्याला आतून मऊ कापडाची घडी लावायची, ती रीत त्यांनीच घालून दिली. बांधायचंच तर सोलवटायला तरी नको, म्हणायचे.

त्यांनी सुनावणी मागितली. कधी डॉक्टर रजेवर, कधी मंडळात माणूस कमी. पुढच्या मंगळवारी, पुढच्या मंगळवारी असं चाललं. एका मंगळवारी ते ओरडले. इतक्या काळात पहिल्यांदा. ओरडले म्हणून बांधलं, त्यांनीच शिवलेल्या पट्ट्यांनी. सकाळी सोडायला गेले तर गेलेले होते.

मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष लिहून गेले की अर्ज मागे घेतलेला नाही आणि निकालही झालेला नाही, तेव्हा अर्ज चालू राहील. रुग्णालयाला लाज वाटावी म्हणून केलं असणार. आता लाज गेली, रीत राहिली. माई म्हणाल्या, इतकं नेमाने तर जिवंत माणूसही येत नाही. म्हणाल्या खऱ्या, पण या वेळी त्यांचा आवाज खाली होता.

१६ सप्टेंबर, सोमवार

मास्तरांचा अर्ज चालवायचं ठरवलं आहे. रिकाम्या खुर्चीला दर आठवड्याला तारीख देणं ही थट्टा आहे. त्यांना चुकीने ठेवलं होतं, हे कोणीतरी एकदा म्हणायला हवं. सगळं वाचलं. भावाच्या शब्दाखेरीज काही नाही. एकाही डॉक्टरने धोका पाहिलेला नाही.

ताई म्हणाली, मेलेल्या माणसाला सोडवून काय मिळणार तुला. मी म्हटलं, त्याला मिळेल. ती म्हणाली, बरं बाई.

१७ सप्टेंबर, मंगळवार

जिंकले.

पुकारा झाला, दार धरलं, खुर्ची ओढली. साहेब तारीख द्यायच्या आत मी उभी राहिले आणि बोलले. मध्ये कोणी अडवलं नाही. शेवटी साहेब म्हणाले की ठेवणं पहिल्या दिवसापासून बेकायदा होतं, अर्जदाराची सुटका. शिक्षिकांनी डोळे टिपले.

एकच अडलं. बळजबरीने ठेवलेल्या माणसाला सोडताना कोणाच्या तरी स्वाधीन करावं लागतं. भाऊ हयात नाही. तो रकाना रिकामा राहिला तर वरचं कार्यालय निकाल परत पाठवतं. मी म्हटलं, माझं नाव घाला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाई, तो रकाना विनोदाचा नाही. मी म्हटलं, विनोद करत नाही, मला निकाल पक्का हवा आहे. माझी सवयच ती. एका रिकाम्या रकान्यापायी निकाल गेलेले पाहिले आहेत मी.

मग त्यांनी अटी वाचल्या, अगदी संथपणे. ते तुमच्या घरी राहतील. तुम्हाला त्यांना बाहेर काढता येणार नाही. त्यांच्यापासून त्यांना किंवा दुसऱ्याला धोका आहे असं तुम्ही लिहून दिलंत तर परत आणता येईल. आणि परत आणल्यावर वाटलं तर तुमच्याच सहीने घरी नेता येईल. मी सही केली. साहेबांनी खुर्चीला विचारलं, आपल्याला मान्य आहे का. थांबले. मग मान हलवून म्हणाले, ठीक.

नंतर चहा झाला. माई म्हणाल्या, पाहुणा आलाय घरी, नीट ठेवा हो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कोटाचं दुसरं बटण कधीपासून लोंबत होतं. आज घालताना पाहिलं तर घट्ट. नुसतं लावलेलं नाही, खाली दोऱ्याचा दांडा गुंडाळून लावलेलं. लाँड्रीवाल्याला शाबासकी द्यायला हवी.

२२ सप्टेंबर, रविवार

निळ्या शर्टची उसवलेली काख शिवलेली. पडद्याची खालची कड उतरली होती, तिला तुरपाई. पडदा तर मी लाँड्रीत दिलाच नव्हता. आदल्या भाडेकरूने केली असेल आणि माझं लक्ष नसेल. ताईला सांगितलं तर म्हणाली, तुझा तो लाँड्रीवाला आमच्याकडे पाठव, ह्यांच्या पँटी पडल्यात.

२५ सप्टेंबर, बुधवार

कोटाच्या खिशात हात घातला तर जाईना. दोन्ही खिसे वरून शिवून बंद. उजव्यात किल्ली होती, कापडाखाली हाताला लागत होती. माईंच्या कात्रीने उसवलं. माई म्हणाल्या, आम्ही पेशंट आल्याबरोबर त्याचे खिसे शिवतो. खिशात काही राहिलं तर माणूस स्वतःला इजा करतो. ही मास्तरांचीच शिलाई दिसते की, असं म्हणून हसल्या. मग शिलाईकडे पुन्हा पाहिलं आणि हसायच्या थांबल्या.

२८ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. दुपारी खिडकीशी वाचत बसले होते. समोरच्या खुर्चीवर माझी शाल पडलेली. ऊन थेट तिच्यावर.

दोरा दिसला. हवेत वर गेला, ताणला, खाली आला. पुन्हा वर. उन्हात चमकत होता. सुई दिसत नव्हती, हात दिसत नव्हता. खुर्चीची गादी मात्र दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तेवढीच.

मी हलले नाही. बऱ्याच वेळाने म्हटलं, मास्तर? दोरा थांबला.

ओरडावंसं वाटलं नाही, हे लिहून ठेवते. वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की तुम्ही सुटलात, आता कुणाचं काही शिवायचं नाही. मग पाठ आहेत ते हक्क म्हणून दाखवले, वॉर्डात म्हणते तसे. कुठेही जाण्याचा. काम न करण्याचा. नाही म्हणण्याचा. ऐकत होते असं वाटलं. संपल्यावर दोरा पुन्हा वर गेला.

२ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून आले तर पलंगावर चार पट्टे, घडी घालून एकावर एक. माझ्या पिवळ्या चादरीचे. आतून मऊ घडी. माझ्या जुन्या मफलरची.

मी ते कात्रीने कापले. कापताना खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला. आपण मेहनतीने केलेलं कोणी मोडलं की ओढतो तसा.

त्यांना राग येत नाही. हे सगळं ते रागाने करत नाहीत. त्यांच्या लेखी ही काळजी आहे. ज्याची काळजी घ्यायची त्याचे खिसे शिवायचे, त्याला बांधायचं. त्यांना तिथे दुसरी कुठली काळजी मिळाली?

६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी जेवून आडवी झाले. जाग आली तर उठता येईना. अंगावरून वारं गेलं असं वाटलं. पण मान हलत होती. बोटं हलत होती.

माझा झगा गादीला शिवला होता. काखेपासून घोट्यापर्यंत, दोन्ही अंगांनी, माझ्या कडेकडेने. एक टाका अंगाला लागलेला नाही. मी झोपेत कूस बदलली असणार, तिथे शिलाई वळली होती. म्हणजे त्यांनी थांबून वाट पाहिली होती.

फाडून निघाले. गादीवर माझा आकार राहिला, शिवलेला.

खुर्चीकडे पाहून ओरडले, निघून जा. खुर्ची मागे सरकली. भिंतीपर्यंत. मग तिथे काहीतरी लहान होऊन बसलं असं वाटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

ताईला अर्धंच सांगितलं. ताईने थट्टा केली नाही. विचारलं, झोप लागते का, जेवतेस का, कामाच्या ठिकाणी कोणी डॉक्टर आहे का ओळखीचा. बसचालकांच्या बायकोने त्यांना पहिल्यांदा हेच विचारलं होतं, तसं तिनेच मला सांगितलं होतं. मी हसून विषय बदलला. हसणं बरोबर जमलं नाही.

म्हणजे हे कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की मी दुसऱ्या बाजूला. एकच वाट आहे, आणि ती मला तोंडपाठ आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून दिलं. मास्तरांपासून धोका आहे. कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहिता येईना. खिसे शिवतात, असं कसं लिहिणार? लिहिलं, अंगावर धावून येतात.

साहेबांनी एकही प्रश्न थट्टेने विचारला नाही. विचारलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंत? हो म्हटलं. विचारलं, त्यांच्या बाजूने कोण बोलणार? मी त्यांची वकील, आणि तक्रारही माझीच. दुसरा वकील नाही. साहेब म्हणाले, दुसरा नेमला जाईपर्यंत त्यांचा अर्ज ऐकता येणार नाही. तोवर ठेवावं लागेल.

खुर्चीला त्यांनी काही विचारलं नाही. मला तिकडे पाहवलं नाही.

अंगावर धावून येतो असं लिहिलेलं असलं की आल्या आल्या बांधायचं, ही वॉर्डची रीत. माई म्हणाल्या, आता रिकामा पलंगही बांधू, तुमच्यासाठी काय पण. शेवटचा पलंग, भिंतीकडचा. माईंनी पट्टे टाकले आणि बंद ओढले. पट्टे गादीवर टेकले नाहीत. गादीच्या वर राहिले, गोल. मनगटाएवढे. घोट्याएवढे.

माईंचा हात तसाच राहिला.

९ ऑक्टोबर, बुधवार

घरात काही नाही. खुर्ची नुसती खुर्ची. दार उघडं टाकून आंघोळ केली. मोठ्याने गाणं म्हटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

वॉर्डात कोणी भिंतीकडे जात नाही. औषधाची गाडी अलीकडूनच वळते. ज्या म्हाताऱ्यांना मी हक्क वाचून दाखवले होते, ते मला म्हणाले, नर्सना सांगा ना, त्यांना पाणी तरी द्या म्हणावं. कुणाला, विचारलं. तुम्हीच आणलंत ना, म्हणाले.

पट्टे हलतात. ओढून नाही. थोडेसे. कोणी हात बधिर झाल्यावर बोटं हलवून पाहतं तसे.

१३ ऑक्टोबर, रविवार

जेवण जात नाही. त्यांच्या भावाने लिहिलेलं वाक्य आणि मी लिहिलेलं वाक्य शब्दाला शब्द एक आहे. मी पाहून लिहिलं नव्हतं. घाबरलेल्या नातेवाइकाला दुसरं वाक्य सुचतच नाही बहुतेक.

त्यांनी मला काय केलं? बटण लावलं. बांधलं, तेही जपून. मी त्यांना पुन्हा त्याच पलंगावर नेलं. त्यांना सुनावणी नाही, कारण मीच दोन्हीकडची.

घरी आणलं तर बांधली जाणार मी. नाही आणलं तर ते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सही करून आणलं. माझ्या एकटीच्या सहीने होतं ते. माईंनी बंद सोडले. पट्टे एकदम गादीवर पडले. त्यांनी ते घडी करून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, न्या हो, आणि पुन्हा आणू नका, माझी माणसं नोकरी सोडतील. मग म्हणाल्या, बाई, तुम्ही वाळलात. बहीण आहे ना तुम्हाला, बोलावून घ्या.

वाटेत माझ्या मागे कोणी चालत होतं की नाही ते कळलं नाही. घरात शिरल्यावर खुर्चीची गादी दबली. मी माफी मागितली. मोठ्याने, नीट शब्दांत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर काही शिवलं नाही. मला वाटलं, माफ केलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सगळ्या खिडक्यांचे पडदे एकमेकांना शिवलेले. घरात उजेड पिवळा, कापडातून येणारा. कोट सापडत नाही. जोड्यांची तोंडं शिवलेली.

कामावर गेले नाही. अनवाणी कशी जाऊ? हसू आलं. मोठ्याने आलं. ते थांबलं तेव्हा दोरा अगदी जवळ होता.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट.

उजवी बाही — पुढून बंद. हात आत. बाही झग्याला शिवलेली, झगा माईंनी दिलेल्या पट्ट्यांना, पट्टे पलंगाला. सही करणारा हात तो. त्यांना माहीत आहे. आता पुन्हा सही करायची नाही मी.

डावा मोकळा. जेवायला एक हात मोकळा ठेवायचा, असा वॉर्डचा नियम. पाणी उशाशी आहे. ब्रेड आहे. स्वच्छ ताटलीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हक्क म्हणून दाखवले. माझे. का ठेवलं ते कळण्याचा. नाही म्हणण्याचा. सुनावणीचा. एकही गाळला नाही.

दोरा थांबला. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या कपाळावरचे केस बाजूला केले. हात गार असेल असं वाटलं होतं. ऊबदार —

मग दोरा वर गेला.

२० ऑक्टोबर, रविवार

ओरडता येईल. रस्त्यावर माणसं आहेत, ऐकू येतात. येतील. दार फोडतील. काय दिसेल त्यांना? पडदे शिवलेले. जोडे शिवलेले. स्वतःला पलंगाला शिवून घेतलेली बाई. कोणी केलं विचारतील. मास्तरांनी, म्हणणार?

मी केलं म्हटलं तरी तेच. स्वतःला धोका. तो शब्द मीच रोज वाचते.

मग ताई सही करेल. रडत करेल. मग माझ्या बाजूने — जागा रिकामी आहे. ती जागा माझी होती.

इथे बांधणारा एक आहे. तिथे सगळे.

२१ ऑक्टोबर

फोन वाजतो. थांबतो. ताई. हात पोचत नाही.

न ओरडता राहिले तर निदान नोकरी, नाव — कोणाच्या कागदावर नाही मी. अजून मोकळी माणूस आहे मी. कायद्याने.

पाणी संपलं होतं. भरलेलं आहे.

मंगळवार

ताई. खाली. जिन्यात. तिच्या चपला ओळखते मी.

बरोबर माई. बोलतायत. ऐकू येतं — माई सांगतायत की आधी हाक मारा, ओ दिली तर बरं, नाही दिली तर दार — आणि नातेवाइकाची सही लागेल, तयारी ठेवा मनाची. ताई म्हणते, काय वाट्टेल ते करते पण माझी बहीण मला हवी.

हाक मारतेय. लहानपणच्या नावाने.

ओ दिली तर तिकडे. नाही दिली तर हे. ताई आहे पण ती. ताईला समजावून सांगेन. ताई ऐकेल. एवढीशी ओ —

मास्तर उठलेत. त्यांना कळलं. ते एकदा ओरडले होते. ओरडणाऱ्याचं काय होतं, त्यांना माहीत आहे. मला ओरडू देणार नाहीत. माझ्यासाठीच —

हनुवटीला हात. हळू. माप घेतात तसा. विचारून —

दोरा पांढरा. बारीक घेतलाय. दुखू नये म्हणून.

ताई, मी इथे आ